सतरा पायऱ्या, चार वेळा उठणं: एका स्टेअरलिफ्टच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

एका वयस्कर बाईंच्या मुलाचा फोन आला तेव्हा त्याच्या हातात स्टेअरलिफ्टची, म्हणजे जिन्यालगतच्या रेलवरून माणसाला वर-खाली नेणाऱ्या लिफ्टची, तीन कोटेशनं होती. "मॅडम, एक जण म्हणतो दोन सरळ लिफ्ट लावा. दुसरा म्हणतो एकच वळणाची लावा. तिसरा म्हणतो, तुमच्या आईला बसून जमणारच नाही, उभ्याची घ्या. तुम्ही फक्त कोणती ते सांगा."

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारामुळे अवघड झालेली रोजची कामं माणसाला कशी जमतील ते बघते. लिफ्ट विकत नाही, बसवतही नाही. त्याला एवढंच विचारलं की आई जिना कसा चढतात-उतरतात, हे तुम्ही शेवटचं कधी बघितलंत? तो जरा थांबला. म्हणाला, "ती आम्ही घरात नसतानाच चढते."

घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळलेत. स्टेअरलिफ्ट घेताना लोक जिन्यापासून सुरुवात करतात, कारण जिना डोळ्यांसमोर असतो आणि मेजर टेपनं मोजता येतो. इथे तिन्ही विक्रेत्यांनी जिना नीट मोजला होता. आकड्यांत कोणाची चूक नव्हती. तरीही तिघांची उत्तरं तीन दिशांना गेली होती.

बाई आणि त्यांचा जिना

त्यांना सगळेच बाई म्हणतात, मीही म्हणू लागले. वय ७४, निवृत्त शिक्षिका. सव्वीस वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. बोटं करंगळीकडे झुकलेली, मूठ पूर्ण वळत नाही. उजव्या गुडघ्याचा सांधा बदललेला, तो चांगला चालतो. डावा बदललेला नाही, तो आखडलेला. उंची १४७ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. डोकं शाबूत, जीभ त्याहून शाबूत. घरात वॉकर घेऊन फिरतात.

झोपायची खोली वर, बाईंना वापरता येईल असं बाथरूमही वरच. खाली जिन्याखाली एक छोटं संडास आहे, पण त्यात वॉकर जात नाही आणि आत वळायला जागा नाही. म्हणजे सकाळी एकदा खाली यायचं आणि रात्री एकदा वर जायचं. मधल्या तासांचं काय, असं मी सुनेला विचारलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या पाणीच पीत नाहीत." दिवसभरात दोन पेले. दोन वेळा मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन गेला होता. त्याचं कारण कोणी जिन्याशी जोडलं नव्हतं.

मी मुद्दाम सकाळी आठ वाजता गेले. आमवातात सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहूनही जास्त टिकतो. दुपारी बाराला दिसणारा माणूस आणि सकाळी आठचा माणूस यांच्यात बराच फरक असतो. विक्रेते तिघेही दुपारी येऊन गेले होते.

जिना मधल्या चौकाचा, उलट वळणारा. खालून नऊ पायऱ्या, मग चौक, म्हणजे वळायची सपाट जागा, मग उलट दिशेनं आठ. प्रत्येक पायरीची उंची साडेसतरा सेंटिमीटर, पाऊल ठेवायची जागा २५. बाई उतरताना आधी डावा पाय खाली ठेवायच्या, मग उजवा त्याच पायरीवर आणायच्या, मग परत डावा. कठडा त्या हातानं धरत नव्हत्या, धरूच शकत नव्हत्या. अख्खं कोपरापासूनचं हाड त्यावर टेकवून सरकत होत्या. कठड्याच्या लाकडावरचं पॉलिश वरच्या टप्प्यात एका पट्ट्यापुरतं पूर्ण गेलेलं होतं, हाताच्या रुंदीएवढं. खालच्या तीन पायऱ्या त्यांनी चक्क बसून उतरल्या, एकेक. शेवटच्या पायरीवरून उठायला सुनेनं काखेत हात घातला. सगळं मिळून सहा मिनिटं लागली.

चढताना चार मिनिटं लागली. पुष्कळ जणांना हे उलटं वाटतं, पण उतरणंच जास्त कठीण. उतरताना वरच्या पायाचा गुडघा अख्खं वजन पेलत हळूहळू वाकवावा लागतो, आणि बाईंकडे नेमकं तेच नव्हतं.

त्यानंतर मी जे मोजलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे. जेवणाच्या टेबलाची एक हातांची खुर्ची घेतली, तिच्यावर उशा रचून उंची बदलत गेले आणि बाईंना प्रत्येक उंचीवरून उठायला सांगितलं. ४२ सेंटिमीटरवरून उठता आलं नाही. ४५ वरून दोन झोके घेऊन उठल्या. ५० वरून सहज. बसणं सगळ्या उंचीवर जमलं, फक्त शेवटच्या काही इंचांत त्या धपकन बसत. मी वहीत टिपून घेत होते तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं, बसायला काय लागतं? उठणं हाच खरा जिना आहे."

दोन सरळ की एक वळणाची

सरळ स्टेअरलिफ्ट ही या जातीतली सगळ्यात साधी वस्तू. ॲल्युमिनियमची रेल ठरावीक लांबीत येते, जिन्याच्या मापानं कापतात आणि पायऱ्यांवर पाय ठोकून बसवतात. भिंतीवर नाही. बाईंचे यजमान, म्हणजे काका, भिंत पोखरली जाईल म्हणून हैराण होते, त्यांना हे ऐकून हायसं वाटलं. खुर्चीच्या पोटात मोटर असते, तिचं दातेरी चाक रेलच्या दात्यांवरून चालतं. काकांचा पुढचा प्रश्न होता, "दोर तुटला तर?" बहुतेक आजच्या लिफ्टमध्ये दोर नसतोच, आणि वेग मर्यादेबाहेर गेला तर खुर्ची जागच्या जागी पकडून धरणारी यांत्रिक सोय वेगळी असते. वीज गेली तरी लिफ्ट चालते, कारण मोटर बॅटरीवर चालते. साधारणपणे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट. घरातली वीज फक्त त्या बॅटऱ्या भरत राहते.

वळणाची लिफ्ट तीच कामं करते, पण तिची रेल त्या एका जिन्यासाठी घडवलेली असते. जिन्याचं कोपरान् कोपरा मोजून किंवा फोटोंवरून माप घेऊन कारखान्यात नळी वाकवतात. म्हणून ती यायला आठवडे लागतात, सरळपेक्षा काही पट महाग पडते, आणि उद्या घर बदललं तर रेल जवळपास भंगार. सरळ लिफ्ट दुसऱ्याला विकता येते, वापरलेली घेताही येते.

मग दोन सरळ लिफ्टची कल्पना मोहात पाडणारच. खालच्या नऊ पायऱ्यांना एक, वरच्या आठांना एक, मध्ये चौकात उतरायचं, दोन पावलं चालायचं, दुसरीत बसायचं. कागदावर काही खोट नाही. ज्यांना चालता येतं पण चढताना दम लागतो, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास आहे, अशांसाठी ही व्यवस्था मी स्वतः सुचवली आहे. मुलाचाही कल तिकडेच होता, आणि पैशांचा विचार करणं काही पाप नाही.

पण हिशोब बघा. वर जाताना दोनदा बसायचं, दोनदा उठायचं. खाली येताना तेवढंच. म्हणजे एका फेरीत चार वेळा उठणं. एकाच वळणाच्या लिफ्टनं दोन वेळा. पाणी नीट प्यायचं ठरलं आणि दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सोळा आणि आठ. बाईंच्या बाबतीत श्रम उठण्यात आहेत, आणि दोन सरळ लिफ्ट ते नेमके दुप्पट करत होत्या.

मुलाला आकडे पटत नव्हते, म्हणून आम्ही करून बघितलं. चौकात दोन खुर्च्या मांडल्या, आसनाची उंची ४७ केली, मध्ये वॉकर. बाईंना सांगितलं, या खुर्चीवरून उठा, तिकडे बसा, परत उठा, परत इकडे बसा. पहिली वेळ ठीक गेली. दुसऱ्या वेळी दोन झोके लागले. तिसऱ्या वेळी त्या उठल्या, वॉकरला हात लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. ओठ पांढरे पडले होते. पाठीमागे, हातभर अंतरावर, खालच्या नऊ पायऱ्या सुरू होत होत्या. चौक ९० सेंटिमीटर खोल, त्यात दोन खुर्च्यांची पावलं, वॉकर आणि बाई. मुलानं स्वतः पुढे होऊन त्यांना बसवलं. त्यानंतर दोन सरळचा विषय त्यानं काढला नाही.

पाय कुठवर येतात

तिसऱ्या विक्रेत्याचं म्हणणं मात्र मला सहज झटकता येत नव्हतं. त्यानं कठडा आणि भिंत यांमधली रुंदी मोजली होती, ८४ सेंटिमीटर. डावा गुडघा वाकत नाही, पाय पुढे येणार, कठड्याला लागणार, म्हणून अर्धं टेकून उभं राहायची लिफ्ट घ्या, असं त्याचं म्हणणं. तिला पर्च म्हणतात: आसन उंच आणि आखूड असतं, माणूस त्यावर बूड टेकवून जवळजवळ उभाच राहतो. गुडघा किंवा खुबा ज्यांचा वाकतच नाही त्यांच्यासाठी आणि फार अरुंद जिन्यांसाठी ती उत्तम. पण तिच्यावर पायांनी वजन पेलावं लागतं आणि हातांनी घट्ट धरून राहावं लागतं. बाईंचे हात धरण्याच्या कामाचे नाहीत. पूर्ण उभ्यानं जायच्या लिफ्टचंही तेच, वर तोल आणि चक्कर यांचा प्रश्न. शिवाय डोक्यावर तुळई किंवा छताचा उतार किती खाली येतो तेही बघावं लागतं. आयएसओ ९३८६-२ या २००० सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नावातच बसणारे, उभे राहणारे आणि चाकाच्या खुर्चीतले असे तीन प्रकारचे वापरणारे वेगळे मोजलेत. कोण कुठल्या खणात बसतो हे मात्र मानक सांगत नाही.

म्हणून गुडघा मोजला, सकाळी सव्वाआठला. डावा ७५ अंशांपर्यंत वाकला. काटकोनात वाकायला हवा होता, पंधरा अंश कमी. दुपारी परत मोजला तर ८५. याचा अर्थ असा की खुर्चीत बसल्यावर सकाळी बाईंचं पाऊल दुपारपेक्षा सात-एक सेंटिमीटर पुढे येणार. आणि खाली यायची वेळ सकाळचीच.

मग हॉलमध्ये फरशीवर चिकटपट्टीची रेघ मारली. भिंतीपासून खुर्चीची पाठ दहा सेंटिमीटर पुढे, कारण रेल आणि पाठीची जाडी तेवढी धरायलाच हवी. बाई बसल्या, डावा पाय जसा येईल तसा ठेवला. अंगठ्याचं टोक भिंतीपासून ८४ ते ८५ सेंटिमीटरवर. तिसऱ्या विक्रेत्याच्या मापानं पाय कठड्यात.

पण त्यानं माप कठड्याच्या हाताच्या उंचीवर घेतलं होतं. वरची दांडी आतल्या बाजूला आलेली असते. पाय दांडीपाशी नसतात, पायरीजवळ असतात. तिथे भिंतीपासून कठड्याच्या गजांपर्यंत ९० भरले. पाच सेंटिमीटर शिल्लक. फार नाहीत, पण बसून जाता येईल एवढे आहेत. एका मापाच्या उंचीवरून बाईंना उभ्याच्या लिफ्टवर चढवलं जाणार होतं, हे मला अजून खटकतं. सूनबाईंनी त्या रेघेवरची चिकटपट्टी पुढे आठवडाभर काढली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या म्हणे.

रेल कुठल्या बाजूला, हा प्रश्न याच मापातून सुटला. आतल्या, कठड्याच्या बाजूनं लावली तर रेल आखूड होते, पण वळण फार घट्ट येतं, कठडा धरायची जागा जाते आणि घरातल्या बाकीच्यांना उरलेली वाट भिंतीकडून काढावी लागते. बाहेरच्या, भिंतीकडच्या बाजूनं लावली तर रेल लांब, पण चौकात वळण सैल आणि कठडा मोकळा. तोटा एकच: बसलेल्या माणसाचं तोंड जिन्याच्या पोकळीकडे होतं. बाईंना विचारलं, खाली बघून भीती वाटेल का? "चाळीस वर्षं चौथीच्या वर्गासमोर उभी राहिले," म्हणाल्या. विषय संपला.

ज्या वाटा सोडल्या

बाईंचं वजन ५२, सर्वसाधारण लिफ्टची क्षमता १२० किलो किंवा त्याहून अधिक असते, तेव्हा त्यात काही बघण्यासारखं नव्हतं. चाकाच्या खुर्चीसकट नेणारा फलाट, म्हणजे तिरका प्लॅटफॉर्म, जवळपास मीटरभर किंवा जास्त रुंद जिना मागतो. तो इथे बसतच नाही, आणि बाई आज चाकाच्या खुर्चीवर नाहीत.

जिना चढणारं यंत्र, म्हणजे पट्ट्यांवर किंवा फिरत्या चाकांवर माणसाला पायऱ्यांवरून नेणारं, मुलानं व्हिडिओत बघितलं होतं. ते भिंतीला, जिन्याला काहीच करत नाही हा त्याचा मोठा गुण. पण ते चालवायला एक धडधाकट, शिकवलेला माणूस प्रत्येक वेळी लागतो. आठवड्यातून एकदा दवाखान्यात न्यायचं असेल तर ठीक. दिवसाला चार वेळा बाथरूमला न्यायला कोण बसणार? आग लागल्यावर उतरवायची निकासी खुर्ची साधारणपणे फक्त खाली न्यायलाच असते, तिची चर्चा दोन मिनिटांत संपली.

छताला भोक पाडून खालच्या खोलीतून वरच्या खोलीत सरळ उभी जाणारी घरगुती लिफ्ट हा खरा गंभीर पर्याय होता. त्यात बसायचं-उठायचं कामच नाही, वॉकरसकट आत शिरायचं, उद्या चाकाची खुर्ची आली तरी तीच चालते. पण स्लॅब कापायचा म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला, वर-खाली दोन्हीकडे जागा, आणि महिनाभर धुरळा. बाईंचा तडकाफडकी नकार आला. मी तो पर्याय खोडला नाही, पुढे ढकलला.

आणि झोपायची खोली खाली आणणं? प्रत्येक घरात हा प्रश्न मी आधी विचारते, कारण कधी कधी लिफ्टपेक्षा एक चांगलं बाथरूम जास्त उपयोगाचं असतं. इथे खाली बाथरूम मोठं करायला जिन्याखालची भिंत हलवावी लागली असती, आणि ती भार वाहणारी होती.

वरचं टोक

लोक स्टेअरलिफ्टकडे बघताना मधला प्रवास बघतात. अपघाताची जागा मात्र वरचं टोक. खुर्ची वरच्या पायरीशी थांबते, माणूस उठतो, आणि त्याच्या एका बाजूला सतरा पायऱ्यांचा उतार असतो. म्हणूनच चांगल्या लिफ्टचं आसन वर पोचल्यावर फिरतं, तोंड मजल्याकडे होतं, आणि आसन फिरलेलं असताना लिफ्ट चालूच होत नाही. फिरवलेली खुर्ची तेवढ्यापुरतं एक दारही होते, जिना अडवणारं.

बाईंसाठी एवढ्यावर भागलं नाही. आसन फिरवायचा खटका खालच्या बाजूला, बोटांनी ओढायचा असतो. तो त्यांना ओढता येईना. मोटरनं फिरणारं आसन घेतलं. त्याहून महत्त्वाचं, रेल वरच्या पायरीपाशी न थांबवता भिंतीच्या कोपऱ्यातून वळवून मजल्यावर आणखी सव्वा मीटर पुढे नेली. खुर्ची आता जिन्यापासून पूर्ण बाजूला, झोपायच्या खोलीच्या दारापाशी थांबते. खालीही तसंच: रेल वळवून भिंतीलगत नेली, नाही तर शेवटच्या पायरीपुढे आलेलं टोक बाहेरच्या दाराला अडलं असतं. सरळ लिफ्टमध्ये अशा वेळी रेलचा शेवटचा तुकडा बिजागरीनं वर उचलायचा उपाय असतो. वळणाच्या रेलचा हा फायदा कोटेशनमध्ये एका ओळीत दडलेला होता, आणि मुलानं पैसे वाचवायला नेमकी तीच ओळ खोडली होती. ती परत घालायला लावली.

हातांचा प्रश्न मला आधी किरकोळ वाटला होता. सगळ्या लिफ्टचं बटण दाबून धरावं लागतं. बोट सुटलं की खुर्ची थांबते. ही सोय सुरक्षेसाठी आहे आणि ती असायलाच हवी. पण युरोपच्या ईएन ८१-४० मानकात वेगाची मर्यादा सेकंदाला ०.१५ मीटर आहे, वळणांवर लिफ्ट त्याहूनही हळू जाते, आणि बाईंची रेल वरची-खालची वाढ धरून नऊ मीटरच्या पुढे गेली. म्हणजे मिनिटाच्या बऱ्याच पुढे अंगठा दाबून धरायचा. बाईंचा अंगठा वीस सेकंदांत दुखायला लागला. शेवटी हाताच्या टोकाशी असलेली छोटी दांडी निवडली, जी तळहाताच्या कडेनं नुसती ढकलून धरली तरी चालते, आणि ती उजव्या हाताला बसवून घेतली. पट्ट्याचं कुलूपही बदललं. आधीचं दोन बोटांनी दाबायचं होतं, नवं हाताच्या मागच्या बाजूनं दाबलं तरी सुटतं.

आसनाची उंची हा एकच मनाविरुद्धचा समझोता. उठायला ५० हवे होते, पण बाईंची उंची १४७. एवढ्या उंचीवर पाय पावलाच्या फळीवर टेकेनात, लोंबकळले. शेवटी ४७ वर आलो आणि आसनावर घट्ट, न दबणारी पातळ गादी घातली. पाय टेकतात, उठायला एक झोका लागतो.

बसवल्यानंतर

पहिल्या आठवड्यात खुर्ची दोनदा बंद पडली. एकदा वरच्या टप्प्यात मधोमध थांबली, ना वर ना खाली. बाईंनी हाक मारली, घरात कोणी नव्हतं. वीस मिनिटं त्या तिथेच बसून राहिल्या. कारण निघालं पायरीवर ठेवलेला वर्तमानपत्रांचा गठ्ठा. पायाखालच्या फळीच्या कडेला काही लागलं की खुर्ची थांबते, आणि तसं व्हायलाच हवं. उलट दिशेला दांडी ढकलली असती तर ती मागे सरकली असती. हे शिकवताना सांगितलं होतं, पण ऐन वेळी कोणाला आठवतं? आता खुर्चीच्या हाताला एक पिशवी लटकते, तिच्यात फोन असतो. जिन्यावर काहीही ठेवायचं नाही असा बाईंच्या अक्षरातला कागद पहिल्या पायरीसमोर चिकटवला आहे, तारखेसह.

दुसऱ्यांदा बॅटरी संपली. खुर्ची रेलच्या टोकाशी नीट उभी नसली तर चार्ज होत नाही आणि टिक टिक आवाज करते. त्या आवाजानं काकांची दुपारची झोप मोडायची, म्हणून त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला. आवाज काही थांबला नाही, उलट वाढला, मग दोन दिवसांनी थांबला. काका म्हणाले, "मला वाटलं, सुधारली." स्विचवर आता लाल पट्टी आहे.

बसवणाऱ्यांनी वॉकरबद्दल एक शब्द काढला नव्हता, आणि मीही पहिल्या भेटीत विसरले, हे कबूल करते. खुर्चीत वॉकर नेता येत नाही. वर उतरल्यावर बाई कशाला धरणार? तीन दिवस सून वॉकर घेऊन मागून धावत होती. मग दुसरा वॉकर आणला. एकावर 'वरचा', एकावर 'खालचा' असं लिहिलंय, कारण दोन्हींची उंची एका भोकानं वेगळी आहे.

तीन महिन्यांनी परत गेले. दिवसाला चार ते पाच फेऱ्या, पाणी सात-आठ पेले, मधल्या काळात संसर्ग नाही. जिना मात्र बाई आता अजिबात चढत नाहीत, आणि मांड्या बारीक झाल्यात हे मला बघताक्षणी दिसलं. म्हणून ५० सेंटिमीटरच्या खुर्चीवरून रोज दोनदा, दहा-दहा वेळा उठायचा व्यायाम लिहून दिला. बाईंनी तोंड वाकडं केलं. हिशोबात मग भर पडली ना, म्हणाल्या. तू आठ उठणं वाचवलीस आणि वीस परत घातलीस.

निघताना मुलानं विचारलं, उद्या आई चाकाच्या खुर्चीवर आली तर ही लिफ्ट काय कामाची? मी म्हटलं, तेव्हा चाकाच्या खुर्चीतून आसनावर कोणी नीट बसवू शकलं तर कामाची, नाही तर नाही. मग ती उभी जाणारी लिफ्ट. त्यासाठी हॉलचा पूर्वेकडचा कोपरा आणि त्याच्या बरोबर वरचा झोपायच्या खोलीचा कोपरा दोन्ही आज मोकळे आहेत. मी मापं वहीत घेऊन ठेवली. वरच्या कोपऱ्यात सूनबाईंना कपाट करायचं होतं. ते दुसऱ्या भिंतीला करा, एवढं सांगून मी बाहेर पडले.